विजेने अर्धमेला झालेला पोर्ट

मिरगाच्या तोंडावर फोंड्यात जोरात विजा झाल्या आणि आमच्या छापखान्याच्या सर्व्हरचं एक लॅनकार्ड गेलं. त्याचा त्रास झाला नाही. दोन कार्डांचे चारही पोर्ट, म्हणजे केबल खुपसायच्या जागा, लिनक्सच्या बाँडमध्ये, म्हणजे अनेक पोर्ट एकच जोडणी म्हणून वापरायच्या सोयीत, जोडलेले होते आणि दर १०० मिलिसेकंदांनी लिंक तपासली जायची. लिंक तुटताच बाँडने ते दोन पोर्ट सोडून दिले.

छळलं ते वाचलेल्या कार्डाने. दिवे दोन्ही लागलेले, पण काही डिझायनरांना फाइल लगेच मिळायची, काहींची तासन्‌तास रखडायची. आणि रखडणारी मशीन रोज तीच! तिथेच मला धागा सापडला. आमचा बाँड एक्सओआर नावाच्या वाटणी पद्धतीचा, म्हणजे कुठल्या मशीनला कुठला पोर्ट हे मॅक पत्त्यांवरून, म्हणजे लॅनकार्डांच्या ओळख क्रमांकांवरून ठरणार. पोर्टांचा वेग पाहिला, तर एक १०००वर, दुसरा १०० मेगाबिटवर. गिगाबिटला, म्हणजे १०००ला, केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १००ला दोन पुरतात. केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, तरी आकडा तोच. म्हणजे बिघाड कार्डातच होता. असा अर्धमेला पोर्ट मेलेल्यापेक्षा वाईट, कारण लिंक चालू असल्यामुळे बाँड त्याच्याकडे काम पाठवतच राहतो.

तो पोर्ट काढला, पणजीहून दोन पोर्टांचं नवं कार्ड आणलं आणि तीन पोर्टांवर एलएसीपी लावलं, म्हणजे सर्व्हर आणि स्विच यांनी मिळून बाँड सांभाळायची पद्धत. स्विचला ते येत होतं, नाहीतर स्विचची मदत न लागणारी एएलबी पद्धत घ्यावी लागली असती. एलएसीपीत दोन्ही टोकं एकमेकांना निरोप पाठवतात. वेगवान ठेवलं तर दर सेकंदाला, आणि तीन सेकंद निरोप आला नाही की पोर्ट बाद. शिवाय वेग वेगळा असलेला पोर्ट बाकीच्यांच्या गटात घेतलाच जात नाही. मला हवं होतं ते नेमकं हेच.

वाटणी आयपी पत्ते आणि कनेक्शनचे पोर्ट क्रमांक (हे केबलचे पोर्ट नव्हेत) यांवरून ठेवली, म्हणजे एकाच मशीनची वेगवेगळी कनेक्शनंही विखुरतात.

मालकांनी विचारलं, "तीन तारा म्हणजे तिप्पट वेग ना रे?"

"नाही दादा. फेरीबोटी तीन असल्या तरी एक गाडी एकाच बोटीतून जाते. रांग मात्र लवकर ओसरते."

एक फाइल आजही सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपासच येते. पॅकेट, म्हणजे फाइलचे छोटे तुकडे, आळीपाळीने तिन्ही पोर्टांवर टाकायची पद्धत आहे, पण त्यात क्रम बिघडतो आणि डेटा पोचवणारा टीसीपी हा प्रोटोकॉल ती हरवली समजून पुन्हा मागवतो. छापखान्याला ते नको.

फाइल कॉपी होत असताना एकेक केबल उपटून पाहिली. क्षणभर अडखळून कॉपी पुढे चालू राहिली. आता विजेचा झटका पुन्हा आत येऊ नये म्हणून बाइंडिंगच्या शेडपर्यंत उघड्यावरून गेलेल्या तांब्याच्या केबलच्या जागी फायबर टाकतोय.