माजघराची पश्चिम भिंत: लोणा परत आला, पण पाण्याची वाट सापडली

मागच्या नोंदीत आमच्या जुन्या घराच्या ज्या भिंतीवर चुन्याचा पहिला हात पूर्ण झाला म्हणून लिहिलं होतं, तिचा खालचा दोन फुटांचा पट्टा सुटला. वर गिलावा ठणठणीत, खाली लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी भुकटी, आणि नख लावलं की पापुद्रा हातात येतो.

चुना कच्चा नव्हता. कळीचा चुना भट्टीवरून आणून घरीच विझवला होता, वर पाणी ठेवून मुरवलाही होता. दुकानातली पोत्यातली फक्की, म्हणजे आधीच विझवलेल्या चुन्याची भुकटी, रंगासाठी ठीक; गिलाव्याला मी ती घेणार नाही, पडून पडून तिची निम्मी ताकद आधीच गेलेली असते. वाळूही नदीचीच. एका पुरवठादाराने खाडीची वाळू नदीची म्हणून पाठवली होती, ती जिभेवर ठेवून पाहिली, खारट लागली आणि गाडी तशीच परत लावली.

कोडं सोडवलं आमच्या गवंडीकाकांनी. भिंतीकडे न बघता ते बाहेर गेले आणि म्हणाले, "भाऊ, ह्या अंगणात काँक्रीट कधी घातलंत?"

काँक्रीट वडिलांच्या वेळचं, थेट जोत्याला भिडलेलं. पावसाचं पाणी जमिनीतून वर सुकायला जागाच नाही, मग ते भिंतीत चढतं. भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची; जांभा सच्छिद्र, पाणी भरपूर पितो. आतून त्याच काळातला सिमेंटचा गिलावा होता, म्हणजे तिकडूनही वाट बंद. क्षार इतकी वर्षं चिऱ्यातच साठत राहिले. सिमेंट काढून चुना लावल्यावर पाणी त्यातून सुकू लागलं आणि क्षार पृष्ठभागावर आले. चुना त्याचं काम करतोय, याचं मला खरंच समाधान आहे.

आता भुकटी कोरड्या ब्रशने झाडतोय. धुवायची नाही, पाण्याबरोबर क्षार परत आत जातात. मग कागदाचा ओला लगदा थापायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि क्षारासकट सोलून टाकायचा. पहिल्या थराची सोललेली बाजू मिठाने खरखरीत झाली होती, ती बघून जीव सुखावला. बाहेर जोत्यालगतची काँक्रीटची पट्टी तोडून चर खणलाय. त्यात खडी भरून पाण्याला उतार देणार.

सिमेंट काढताना ब्रेकर लावू नका, कोणी कितीही घाई केली तरी. जांभा खाणीतून मऊ निघतो आणि हवा लागून टणक होतो. मशीनने ती टणक पाठ उडाली की आतला मऊ दगड उघडा पडतो. टाकी (दगडाची छिन्नी) आणि हातोडीच बरी.

दरम्यान, माजघराच्या दाराची चौकट मोकळी झाली. ऑइलपेंटच्या थरांखाली फणसाचं पिवळं लाकूड निघालं, वरच्या पट्टीवरची वेलबुट्टी अजून धारदार आहे. जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून हीट गन टाळली, ओलं करून खरवडलं.

दुसरा हात दिवाळीआधी पूर्ण भिंतीवर मारायचा बेत होता. पण हे लिहितानाच सुचलं: आजीच्या वेळी या भिंतीला खाली गेरूचा पट्टा असे. तो परत आणला, तर खालचे दोन फूट मऊ चुन्याचे वेगळे ठेवता येतील. क्षार त्यात येऊ देत. खराब झाला की तेवढाच पट्टा उतरवून नवा करायचा, जोड गेरूच्या रेघेत लपेल. उद्या काकांना विचारतो. ते हो म्हणाले तर वरचा हात लगेच सुरू.