बाटलीच्या तळाशी बसलेला गाळ

गेल्या महिन्यात तपासणीसाठी सकाळी लघवीचा नमुना घेतला, तेव्हा तो अगदी स्वच्छ होता. प्रयोगशाळेत पोहोचायला उशीर होणार म्हणून बाटली फ्रिजमध्ये ठेवली आणि तीन तासांनी बाहेर काढली, तर तळाशी विटकरी, गुलाबीसर भुकटीचा थर बसलेला. हे रक्तच असणार, अशी धास्ती घेऊन मी ती तंत्रज्ञांपुढे धरली. त्यांनी थोडा नमुना परीक्षानळीत घेऊन गरम केला आणि तो गाळ बघता बघता विरघळून गेला. आम्लधर्मी लघवी थंड झाली की तिच्यातले यूरेट क्षार असे खाली बसतात, असे त्यांनी सांगितले. याउलट लघवी अल्कधर्मी असेल तर फॉस्फेट क्षारांचा पांढरट गाळ दिसतो. तो तापवल्याने जात नाही, मात्र व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लाचे काही थेंब टाकले की निवळतो.

तेव्हापासून माझे असे मत झाले आहे की कण कसे दिसतात याच्याइतकेच ते केव्हा दिसले हेही महत्त्वाचे असते. ठेवून दिलेल्या नमुन्यातल्या गाळावरून निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. म्हणूनच नमुना शक्यतो तासाभरात तपासावा, असे सांगतात.

ताज्या लघवीत तरंगणारे पांढरे धागे बहुधा मूत्रमार्गातल्या श्लेष्माचे आणि तिथल्या अस्तराच्या गळून पडलेल्या पेशींचे असतात. स्त्रियांच्या बाबतीत अंगावरून जाणारे पांढरे पाणी नमुन्यात मिसळलेले असू शकते, तर पुरुषांच्या बाबतीत वीर्यपतनानंतरच्या लघवीत त्याचे अंश उतरतात. सुरुवातीची धार सोडून मधल्या धारेचा नमुना घ्यायला सांगतात, ते अशी भेसळ टाळण्यासाठीच. (हे मला इतकी वर्षे कोणी समजावून सांगितले नव्हते, फक्त बाटली हातात दिली होती.)

मात्र कणांबरोबर जळजळ, वारंवार लघवीला जावे लागणे, उग्र वास किंवा ताप असेल, तर ते पूपेशींचे (जंतुसंसर्गात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे) पुंजके असण्याची शक्यता असते आणि साध्या तपासणीबरोबर कल्चरही, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी, करावे लागते. वाळूसारखे टोचणारे कण आणि पाठीपासून जांघेपर्यंत जाणारी कळ ही मुतखड्याची खूण असू शकते. 5 मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआप पडून जातात. असा खडा पडण्याची शक्यता असेल, तेव्हा लघवी गाळून तो जपून ठेवावा, कारण तो कॅल्शियम ऑक्झॅलेटचा आहे, यूरिक आम्लाचा आहे की जंतुसंसर्गातून तयार झालेला, हे पृथक्करणातून कळते आणि पुढचा उपचार त्यावर ठरतो. रक्ताच्या गुठळ्या पडत असतील, तर मात्र दुखत नाही म्हणून थांबू नये. न दुखता रक्त जाणे हे मूत्राशयाच्या कर्करोगाचेही लक्षण असू शकते. लघवीतून हवेचे बुडबुडे आणि विष्ठेसारखे कण येणे दुर्मीळ, पण आतडे आणि मूत्राशय यांच्यात वाट तयार झाल्याचे ते लक्षण असते.

माझ्या अहवालात पूपेशी 1-2 आणि ‘अमॉर्फस यूरेट्स’ (म्हणजे तोच यूरेट क्षारांचा भुकटीसारखा गाळ) एवढीच नोंद आली. आदल्या दिवशी प्रवासात मी पाणी जवळजवळ प्यायलोच नव्हतो, हे मला तो वाचताना आठवले.