टेडी बेअर आणि इतर सज्जन

मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याला व्हायरसचा जेवढा ताप होतो, त्याहून जास्त व्हायरसबद्दल ‘सावध’ करणाऱ्यांचा होतो. हे माझं जुनं मत.

२००२ सालचा टेडी बेअरवाला मेल आठवतोय? ‘जेडीबीजीएमजीआर डॉट ईएक्सई नावाची फाइल शोधा. अस्वलाचं चित्र दिसलं तर तो व्हायरस, लगेच उडवा आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा.’ लोक शोधायचे, अस्वल दिसायचं, खात्री पटायची. दिसणारच! ती विंडोजबरोबरच येणारी, जावाच्या कामाची फाइल होती. अँटिव्हायरसला हा सापडत नाही, असंही त्यात ठासून सांगितलेलं. कसा सापडेल? व्हायरस लिहायचे कष्टच कुणी घेतले नव्हते. नासधूस आणि प्रसार, दोन्ही कामं वाचणाराच फुकटात करत होता.

त्याच सुमारास क्लेझ नावाचा व्हायरस धुमाकूळ घालत होता. तो मात्र खरा होता, आणि बेरकी. लागण झालेल्या मशीनवरचे पत्ते गोळा करायचा, त्यातल्या एकाच्या नावाने दुसऱ्याला मेल धाडायचा. मशीन तिसऱ्याचंच! मग ज्याच्या नावाने मेल आला त्या बिचाऱ्याची मेलिंग लिस्टवर (एका पत्त्यावर धाडलेला मेल सगळ्या सभासदांना जातो ती) सगळ्यांसमोर खरडपट्टी, तीही मूळ मेल जसाच्या तसा खाली चिकटवून. भरीला कंपन्यांच्या सर्व्हरवरचे अँटिव्हायरस त्याच निरपराध पत्त्यावर ‘तुम्ही व्हायरस पाठवलात’ म्हणून आपोआप उत्तरं धाडायचे. ‘फ्रॉम’मधलं नाव म्हणजे पाकिटावर खरडलेला पत्ता, कुणीही लिहावा. बघायच्या त्या हेडरमधल्या, म्हणजे मेलच्या माथ्यावरच्या प्रवासनोंदीतल्या, ‘रिसीव्ह्ड’च्या ओळी. प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर जोडत जातो, पण खालच्या ओळी बनावट असू शकतात. आपल्या स्वतःच्या सर्व्हरने लिहिलेल्या ओळीवर विसंबावं.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिणाऱ्यांच्या लिस्टवर एचटीएमएल (सजवलेला) मेल परत येतो, आणि पॅच, म्हणजे कोडमधले बदल, तेसुद्धा जोडून न पाठवता मेलच्या मजकुरातच द्या म्हणतात. नव्या मुलांना हा म्हाताऱ्यांचा खडूसपणा वाटतो. वाटू दे. मजकुरातला पॅच तिथल्या तिथे वाचता येतो, हव्या त्या ओळीखाली शेरा मारता येतो, आणि क्लिक करायला काही उरतच नाही. ४ मे २०००ला ‘आय लव्ह यू’ नावाचा व्हायरस पसरला तो क्लिकवरच. जोडलेल्या फाइलच्या नावात आधी ‘टीएक्सटी’ आणि शेवटी ‘व्हीबीएस’. विंडोज ओळखीचं एक्स्टेन्शन (नावाचा शेवटचा, फाइलचा प्रकार सांगणारा तुकडा) लपवायचं, म्हणून लोकांना फक्त ‘टीएक्सटी’ दिसलं. पत्र समजून उघडलं तर तो प्रोग्राम.

लिस्टवर संशयास्पद काही आलं तर माझा रिवाज ठरलेला आहे: फक्त लिस्टच्या व्यवस्थापकाला मेल, त्यात पूर्ण हेडर, जोडलेली फाइल वगळून. लिस्टला एक अक्षर नाही.

आणि त्या खरडपट्टीला ‘रिप्लाय ऑल’ करून ‘मला यादीतून काढा’ लिहिणाऱ्यांनो, यादीतून बाहेर पडायची लिंक बहुतेक वेळा मेलच्या तळाशीच असते हो.