खोलीत कोण आहे, हे घराला कळावं म्हणून

अपेक्षा साधी होती. मी स्वयंपाकघरात गेले की तिथला लाइट लागावा, बाहेर पडले की जावा. आई रात्री उठली की बाथरूमपर्यंतच्या पॅसेजमध्ये मंद उजेड व्हावा. अ‍ॅप उघडायचं नाही, स्पीकरला हाका मारायच्या नाहीत. पुण्यातला आमचा जुना फ्लॅट, जाड विटांच्या भिंती. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट, म्हणजे घरातली उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर, आधीपासून चालू होतं. आपल्याकडे प्लग आणि स्विच बहुधा एकाच बोर्डावर असल्यामुळे न्यूट्रल (विजेची परतीची तार) हाताशी मिळतो, त्यामुळे रिले, म्हणजे सॉफ्टवेअरच्या हुकमावर चालू-बंद होणारे स्विच, बसवायचं काम वायरमनने पटकन उरकलं.

जवळ कोण आहे ते ओळखायला ब्लूटूथ घेतलं. दर खोलीत ईएसपी32 नावाचा, ब्लूटूथ असलेला एक छोटा सर्किट बोर्ड, जुन्या मोबाइल चार्जरला लावलेला, आणि त्यावर ईएसप्रेझेन्स हे फुकट मिळणारं फर्मवेअर, म्हणजे बोर्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर. फोनचा सिग्नल किती जोरात येतोय त्यावरून बोर्ड अंतर काढतो आणि एमक्यूटीटी या उपकरणांच्या निरोपव्यवस्थेमार्फत होम असिस्टंटला कळवतो. ज्या बोर्डाला तुम्ही सर्वांत जवळ दिसता, त्या खोलीत तुम्ही आहात असं धरायचं.

आता हे अंतर किती भरवशाचं? सिग्नलचा जोर डीबीएममध्ये मोजतात; आकडा जितका खाली, तितका सिग्नल क्षीण. समजा एक मीटरवर −59 डीबीएम मिळतात आणि आत्ता −79 येतायत. मोकळ्या मैदानाचा हिशेब लावला तर फोन 10 मीटरवर आहे. भिंती आणि कपाटं धरून अंतराच्या सूत्रातला घातांक (सिग्नल अंतराबरोबर किती झपाट्याने पडतो तो आकडा) 2 ऐवजी 3 केला की तोच फोन 4.6 मीटरवर येतो. दोन्ही उत्तरं गणिताने बरोबर! त्यात फोन मागच्या खिशात असताना मी बोर्डाकडे तोंड केलं की सिग्नल आणखी पडायचा, कारण ब्लूटूथच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी अंगातल्या पाण्यातच जिरतात. त्यामुळे मीटरचा नाद सोडला आणि फक्त खोली कुठली एवढंच विचारायचं ठरवलं. सामाईक भिंतीवरचे बोर्ड काढून समोरच्या भिंतीवर नेले, तिथेच निम्मा गोंधळ मिटला. उरलेला मिटला तो एका नियमाने: लाइट लगेच लागेल, पण जाईल सावकाश, दुसऱ्या खोलीने ‘आला’ म्हटल्यावर थोडं थांबून.

माझ्या अँड्रॉइडवर होम असिस्टंटच्या अ‍ॅपमध्येच बीएलई ट्रान्समीटर (कमी विजेच्या ब्लूटूथवर फोनची ओळख सतत पाठवणारी सोय) आहे, तो चालू केला की झालं. बॅटरी थोडी जास्त खातो. भावाच्या आयफोनने मात्र दमवलं. तो आपला ब्लूटूथ पत्ता साधारण दर पंधरा मिनिटांनी बदलतो, म्हणजे बोर्डाला वाटतं, घरात नवाच पाहुणा आला. त्याची आयआरके नावाची गुप्त किल्ली काढून सिस्टीमला दिली, तेव्हा कुठे ओळख पटली.

एवढं सगळं जमवल्यावर लक्षात आलं की जिच्यासाठी हा खटाटोप, ती आई घरात फोन घेऊन फिरतच नाही. तिचा फोन हॉलमध्ये चार्जिंगला. मग नाण्याएवढ्या सेलवर चालणारा छोटा ब्लूटूथ टॅग आणला. “ते गळ्यात बांधून फिरायला मी काय गाय आहे?” इति आई. टॅग देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्यावर गेला आणि आमच्या घराच्या मते आई अहोरात्र पूजेलाच बसलेली.

म्हणून पॅसेज आणि बाथरूमसाठी रडार सेन्सर घेतला, एलडी2410, 24 गिगाहर्ट्झवर चालणारा. साधा पीआयआर (अंगाच्या उष्णतेवरून ओळखणारा सेन्सर) माणूस हलला तरच ओळखतो, कमोडवर शांत बसलं की अंधार. रडारला श्वासाची हालचालही पुरते. पण आपल्या घरांत छताला पंखा असतो आणि रडारच्या लेखी पंखा हाही बराच उत्साही माणूस आहे. आईच्या खोलीत वर लावलेला सेन्सर पंखा चालू असेपर्यंत ‘कोणीतरी आहे’ म्हणत राहिला. या सेन्सरला पाऊण पाऊण मीटरचे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याची संवेदनशीलता वेगळी ठरवता येते. सेन्सर कमरेच्या उंचीवर आणला, पंखा ज्या टप्प्यात येत होता तिथली संवेदनशीलता उतरवली. बाथरूमचं दार प्लास्टिकचं, त्यातून रडार आरपार बघतं, म्हणून पॅसेजच्या सेन्सरचं तोंडही फिरवावं लागलं. आता ब्लूटूथ सांगतं कोण, रडार सांगतं की कोणीतरी. पॅसेजच्या दिव्याला नाव कळायची गरजच नाही.

दोन गोष्टी वेळीच बघा. लाइट जाऊन आली की रिले कुठल्या स्थितीत उठणार, हे ‘बंद’ करून ठेवा, नाहीतर पहाटे तीनला सगळं घर लखलखतं. आणि भिंतीवरचा स्विच चालूच राहिला पाहिजे. राउटर बंद पडला म्हणून पाहुण्याने अंधारात बसायचं का?

घराजवळ आलं की गीझर सुरू, हाही बेत होता. फोनच्या जीपीएसवरून होम असिस्टंट तुमच्या घराभोवतीचं वर्तुळ ओळखतं, मुळात 100 मीटरचं. आमच्या सोसायटीसमोरून मुख्य रस्ता जातो. नुसती तिथून पुढे गेले तरी घराला वाटे, मी आलेच. शिवाय 2000 वॅटचा गीझर नऊ अँपिअरच्या आसपास ओढतो आणि माझे रिले होते दहाचे. वायरमन म्हणाला, “ताई, कागदावर चालेल, बोर्डात जळेल. कॉन्टॅक्टर टाका, नाहीतर नाद सोडा.” कॉन्टॅक्टर म्हणजे जड लोडसाठीचा मोठा रिले. नाद सोडला. गीझरचं बटण हातानेच दाबतो. पुढचं काम हॉलचं. तिथे दोन पंखे आहेत आणि बाल्कनीचा पडदा दिवसभर उडत असतो, तेव्हा एका रडारवर भागेलसं दिसत नाही.