सरावासाठी परवडणारी लिव्हर-अ‍ॅक्शन .२२ रायफल कशी निवडावी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी काहींना शूटिंग रेंजची गोडी लागते आणि मग पहिली स्वतःची रायफल कोणती घ्यावी, हा प्रश्न येतो. त्यातही खालच्या बाजूचा लिव्हर पुढे ढकलून मागे ओढायची ती जुन्या धाटणीची रायफल पुष्कळांच्या मनात भरलेली असते. ती .२२ रिमफायरमध्ये (म्हणजे ०.२२ इंच व्यासाच्या छोट्या काडतुसाच्या प्रकारात), माफक किमतीत आणि केवळ लक्ष्यावर सराव करण्यासाठी घ्यायची असेल, तर माझे मत असे आहे की, ठरवलेली सगळी रक्कम रायफलवर खर्च करू नये. साधी पण विश्वासार्ह रायफल घ्यावी आणि उरलेले पैसे काडतुसांसाठी राखून ठेवावेत, कारण नेम सुधारतो तो काडतुसे खर्ची पडल्यानेच.

आधी कायद्याची बाब. एच-१बी किंवा एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यांना अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूकच काय, काडतुसे बाळगण्यासही सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणे यासारखे मोजके अपवाद आहेत, परंतु त्यांच्या भरवशावर काही करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावाच; चूक झाली तर ती फौजदारी स्वरूपाची असते आणि इमिग्रेशनवरही बेतते. नागरिक व ग्रीन कार्डधारक परवानाधारक विक्रेत्याकडे ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरून, पार्श्वभूमी तपासली गेल्यावर रायफल घेऊ शकतात. न्यू जर्सीसारख्या राज्यांत त्याआधी राज्याचे वेगळे ओळखपत्र काढावे लागते.

.२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून चालत आलेले आहे. त्याचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेत असतो आणि फायरिंग पिन त्या कडेवर आदळते, म्हणून ते रिमफायर. धक्का जवळजवळ जाणवत नाही, आवाज कमी असतो आणि एक काडतूस साधारण दहा सेंटच्या आसपास पडते; .३०-३० सारख्या मोठ्या काडतुसाला डॉलर किंवा त्याहूनही अधिक मोजावे लागतात. हे काडतूस खेळण्यातले आहे असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, पालथे आणि उभ्याने नेम धरायच्या प्रकारात) कांस्यपदक मिळवले, ते याच काडतुसावर. त्या प्रकारात लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटरचे असते.

अर्थात ऑलिंपिकच्या रायफली बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे बाजूचा दांडा हाताने मागेपुढे ओढून भरायच्या असतात, आणि हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की कागदावर गोळ्या एकाच ठिकाणी लागाव्यात एवढीच इच्छा असेल, तर त्याच पैशांत बोल्ट-अ‍ॅक्शन .२२ अधिक अचूक मिळते. शिवाय पालथे पडून नेम धरताना लिव्हर जमिनीला अडतो, टेबलावर टेकवून मारतानाही रायफल दर वेळी थोडी उचलावी लागते. लिव्हर-अ‍ॅक्शन शोभते ती उभ्याने, कशाचाही आधार न घेता मारताना. गाल दस्त्यावर तसाच ठेवून लिव्हर फिरवायचा, रिकामे काडतूस बाहेर पडलेले जाणवायचे, श्वास सावरायचा आणि पुढचा नेम धरायचा, या क्रमात एक लय आहे. मला तीच आवडते, आणि उभ्याने मारण्याचा सराव खरा कस पाहणारा असल्याने त्यात वेळ वाया जात नाही.

माझी पहिली शिफारस हेन्री कंपनीच्या एच००१ ला आहे. बेंजामिन टायलर हेन्री यांनी १८६० मध्ये पेटंट घेतलेल्या मूळ हेन्री रायफलशी आजच्या कंपनीचे नाते नावापुरतेच आहे, कारण ही कंपनी १९९० च्या दशकात ब्रुकलिनमध्ये सुरू झाली. मूळ हेन्रीही रिमफायरच होती, हा योग मात्र छान जुळून आला आहे. एच००१ चे वजन सव्वापाच पौंड, म्हणजे सुमारे २.४ किलो, दस्ता अक्रोडाचा आणि नळीखालच्या मॅगझिनमध्ये लाँग रायफलची १५ काडतुसे मावतात. दुकानात ती साधारण साडेतीनशे ते चारशे डॉलरला मिळत आली आहे. रिसीव्हरवरचे, म्हणजे यंत्रणा सामावलेल्या मधल्या भागावरचे, काळे आवरण जस्ताच्या मिश्रधातूचे, रंग दिलेले आहे आणि जुन्या पोलादी रायफलींच्या चाहत्यांना ते रुचत नाही. मला त्यात गैर वाटत नाही. आवरणावर ताण येतच नाही आणि लिव्हर फिरवल्यावर जो गुळगुळीतपणा हाताला जाणवतो, तो या किमतीत दुसरीकडे सहसा सापडत नाही.

ती भरण्याची पद्धत नीट समजून घ्यावी. मॅगझिनच्या टोकाजवळची पितळी गुंडी फिरवून त्याची आतली नळी वर ओढायची, बाहेरच्या नळीवरील काडतुसाच्या आकाराच्या खाचेतून एकेक काडतूस बूड खाली ठेवून सोडायचे आणि आतली नळी पुन्हा खाली दाबून अडकवायची. हे करताना हात बंदुकीच्या नळीच्या तोंडाजवळ असतो, त्यामुळे चेंबर (काडतूस जिथे उडते तो नळीचा मागचा भाग) रिकामी असल्याची खात्री आधी करावी आणि बोटे व चेहरा तोंडासमोर येऊ देऊ नयेत. सराव संपल्यावर नुसता लिव्हर फिरवून भागत नाही. आतली नळी बाहेर काढून मॅगझिनमध्ये काही अडकलेले नाही ना, हेही पाहावे लागते.

याहून स्वस्तात ब्राझीलची रॉसी रिओ ब्राव्हो आहे. तिला आडवे दाबायचे सेफ्टी बटण असल्यामुळे नवशिक्यांना धीर येतो, पण लिव्हर हाताळून पाहिल्याशिवाय ती घेऊ नये. जपानमध्ये मिरोकू कंपनीत बनणारी ब्राउनिंग बीएल-२२ फार सुबक आहे. तिचा लिव्हर अवघे ३३ अंश फिरतो आणि चापही त्याच्याबरोबर फिरतो. ती परवडणारी मात्र म्हणता येत नाही. मार्लिन ३९ए चे नाव निघतेच. घडीव पोलादाची ही रायफल एका स्क्रूवर दोन भागांत उघडते आणि त्यामुळे तिची नळी मागून साफ करता येते. जुनी, नीट राखलेली ३९ए कोणाकडून रास्त भावात मिळाली तर एच००१ चा विचार सोडून द्यावा, पण आजकाल तिचे भाव चांगलेच चढलेले असतात.

दुकानात विक्रेत्याची परवानगी घेऊन लिव्हर सावकाश आणि झटक्यात, दोन्ही रीतींनी फिरवून पाहावा. दस्ता खांद्याला लावून डोळे मिटावेत आणि उघडल्यावर साइट आपसूक डोळ्यांसमोर आली तर लांबी जुळली असे समजावे. रिकाम्या चेंबरवर चाप ओढणे टाळावे, कारण काही रिमफायरमध्ये फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटून तिथे खड्डा पडतो. एच००१ ची नळी समोरून साफ करावी लागते. सळईने तोंडाची कड झिजते, म्हणून दोरीसारखा ओढायचा ब्रश सोबतच घ्यावा.

रायफल घरी आली की एकाच जातीची काडतुसे मोठ्या पेटीने घेऊ नयेत. प्रत्येक .२२ ची आवड वेगळी असते. चार-पाच प्रकारांची ५० काडतुसांची लहान खोकी घ्यावीत, त्यात ध्वनीच्या वेगापेक्षा किंचित हळू जाणारी स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतुसे असावीतच, आणि ५० यार्डांवर वाळूच्या पिशवीवर टेकवून प्रत्येकाचे दहा-दहा बार वेगवेगळ्या कागदावर मारावेत. ज्याचा पुंजका सर्वांत घट्ट येईल, त्यावरच साइट जुळवावी. ५० यार्डांवर जुळवलेली .२२ ही १०० यार्डांवर सुमारे सहा ते सात इंच खाली लागते, तेव्हा लांबचे लक्ष्य घेण्यापूर्वी तेवढे वर धरण्याचा सराव करावा, आणि गोळ्या शिशाच्या असल्यामुळे रेंजवरून निघताना, काही खाण्यापिण्याआधी, हात साबणाने स्वच्छ धुवावेत.