तुम्ही विचारलंत म्हणून: मंजुळेचं स्वगत आणि भक्ती बर्वे

एकपात्री स्पर्धा जवळ आल्या की पालक हमखास विचारतात, ‘मुलगी “ती फुलराणी”तलं मंजुळेचं स्वगत करतेय. पाठांतर चोख आहे, पण रंगत नाही. भक्ती बर्वेंचं का रंगायचं?’

माझ्या मते, आधी कानामुळे. पु. ल. देशपांडे यांचं हे नाटक १९७५मध्ये रंगभूमीवर आलं. त्यातली मंजुळा ही बोलीत बोलणारी फुलवाली, आणि तिला प्रमाण मराठी शिकवणारे ते मास्तर; स्वगतात ती त्यांच्यावर सूड घ्यायचे बेत रंगवते. त्याच काळात मुंबई दूरदर्शनवर शुद्ध, स्वच्छ मराठीत बातम्या देणाऱ्याही भक्ती बर्वेच. प्रमाण उच्चार जिभेवर इतका पक्का असला, की तो नेमका कुठे मोडायचा हे कळतं. मुलींचं पहिलं बिघडतं ते इथेच: एका वाक्यात ‘पानी’, पुढच्यात ‘पाणी’. संहितेतल्या प्रत्येक ‘ण’खाली पेन्सिलीने खूण करा आणि एकच रीत शेवटपर्यंत पाळा.

मग पट्टी. मंजुळा मास्तरांवर चिडलीय, म्हणून पहिल्या ओळीपासूनच आरडाओरडा सुरू होतो. पुढे आवाज चढायला जागा उरत नाही आणि घसा बसतो. खरं तर सूड मनात रंगवताना तिला मजाही येतेय, आणि आत अपमान सलतोय. बर्वेबाईंच्या मंजुळेत हे तिन्ही एकदम दिसायचं, म्हणून प्रेक्षक हसता हसता त्या पोरीच्या बाजूचे व्हायचे. नुसता राग केलात तर हसूही येत नाही आणि कणवही. सुरुवात खालच्या पट्टीत करा, वरचा सूर शेवटासाठी राखा.

हशा शिगेला असताना बोललं तर वाक्य बुडतं, पूर्ण विरू दिला तर लय तुटते. तो उतरू लागताच पुढचा शब्द यायला हवा. आणि हशा आलाच नाही, तर थांबायचं नाही.

समोर मास्तर नसतात, तेव्हा त्यांची जागा एकच ठरवा, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. नजर भिरभिरली की प्रेक्षकांना चार मास्तर दिसतात.

२००१मध्ये वाईहून परतताना द्रुतगती मार्गावरच्या अपघातात बर्वेबाई गेल्या. आजच्या मुलींना त्या चित्रफितींतूनच भेटतात, आणि मग त्यांचे हेल जसेच्या तसे उचलले जातात. चित्रफीत जरूर लावा, पण श्वास कुठे घेतलाय तेवढंच टिपा. शिवाय ‘जाने भी दो यारो’ (१९८३) मधली त्यांची थंड डोक्याची संपादिका शोभाही मुलीला दाखवा. कॅमेरा जवळ आल्यावर याच अभिनेत्रीने हातवारे आणि आवाज किती कमी केलेत, ते तिथे दिसेल.