आमी अशे हळू नोहोतो चाललो

नागपुरात राहून माहितीपटांचं एडिटिंग करायचं म्हटलं की हिवाळी अधिवेशन कधी ना कधी टेबलावर येतंच. १९५३ च्या नागपूर कराराने वर्षातलं एक अधिवेशन इथे आलं, आणि त्याच्या मागोमाग मोर्चेही आले. गडचिरोलीपासून बुलढाण्यापर्यंतची माणसं आपलं गाऱ्हाणं घेऊन सीताबर्डीच्या आसपास धडकतात. पोलीस ठरलेल्या जागी अडवतात. मग रस्त्यावरच बसकण, भाषणं, आणि कुणीतरी मंत्री निवेदन घ्यायला येईल याची वाट पाहणं.

मी ज्या फिल्मवर काम करत होते ती या मोर्च्यांवर होती, आणि तिचा गाभा होता २३ नोव्हेंबर १९९४. त्या दिवशी गोवारी समाज अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी विधानभवनावर आला होता. गुरं राखणारी, विदर्भाच्या गावागावांत विखुरलेली ही माणसं. लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जणांचा जीव गेला. त्यांत बाया आणि लेकरंच जास्त. झिरो माइलजवळ स्मारक आहे, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचं नाव आहे. रोज त्या पुलावरून जाणाऱ्या कित्येकांना ते नाव कशामुळे पडलं हे सांगता येत नाही. फिल्म करायला एवढं कारण मला पुरेसं होतं.

आमच्या दिग्दर्शकाचा एक नियम आहे आणि तो मला मनापासून पटतो. जिची मुलाखत फिल्ममध्ये आहे तिने स्वतःचा भाग पाहिल्याशिवाय कट बाहेर जाणार नाही. शूटिंगच्या दिवशी कागदावर सही किंवा अंगठा घेतलेला असतो खरा, पण त्या वेळी त्या माणसाला आपल्या चेहऱ्याच्या आधी आणि नंतर काय लागणार आहे हे ठाऊक नसतं. ते आम्हालाही ठाऊक नसतं. ते ठरतं माझ्या खोलीत, महिनोन्‌महिने, तिच्या माघारी.

म्हणून एका सकाळी भंडारा जिल्ह्यातल्या एका गावातून मावशी माझ्याकडे आल्या. साठी ओलांडलेल्या. १९९४ च्या मोर्च्यात त्या आणि त्यांची जाऊ दोघी होत्या. जाऊ परत आली नाही. सोबत जावेचा मुलगा होता. तो तेव्हा सात वर्षांचा होता आणि आईचा हात धरून त्याच गर्दीत होता. मावशींनीच त्याला वाढवला. तो आत आला, पाणी प्यायला आणि स्क्रीनकडे पाठ करून दाराजवळच्या खुर्चीवर बसला. मी त्याला पुढे बोलावलं नाही.

आता त्या कटबद्दल थोडं सांगायला हवं. मावशींच्या अंगणात आम्ही तीन तास बोललो होतो, त्यातली साडेचार मिनिटं मी घेतली होती. त्यांच्या आधी मोर्च्याचं जुनं दृश्य होतं. लग्नाची शूटिंग करणाऱ्या एका गृहस्थाने त्या दिवशी दुपारच्या आधी रस्त्याच्या कडेला उभं राहून थोडं व्हीएचएसवर घेतलं होतं. टेपला बुरशी लागलेली, कॅमेरा हलता. स्थिर म्हणता येतील असे सेकंद निघाले अकरा. त्यावर जो व्हॉइसओव्हर लिहिला होता तो होता सत्तावीस सेकंदांचा. त्यात १९५६ च्या अनुसूचित जमातींच्या यादीतली ‘गोंड गोवारी’ ही नोंद, ती गोवारींना लागू होते की नाही यावरचा वाद, मागण्या, सगळं बसवायचं होतं. अकरा सेकंदांवर सत्तावीस पसरायचे तर वेग चाळीस टक्क्यांवर आणावा लागतो. तसा आणला होता. टेपच्या आवाजात विजेची घरघर होती, म्हणून तो बंद करून खाली एक सारंगी लावली होती. ज्यांनी ज्यांनी कट पाहिला त्या सगळ्यांना हीच जागा सर्वांत जास्त भिडली होती.

मावशींनी ती पाहिली आणि माझ्या मनगटावर हात ठेवला.

“हे अशे झोपेत चालल्यावानी काहून चालून राह्यले व पोरी?”

मी सांगितलं, वेग कमी केलाय.

“काहून? आमी अशे हळू नोहोतो चाललो. दणदण चाललो होतो. गानं म्हनत.”

मी वेग शंभर टक्क्यांवर आणून परत लावलं. सेकंदाला पंचवीस चौकटी, जसं घडलं तसं. दिग्दर्शक माझ्या मागे उभा होता, तोही पुढे वाकला. त्याच बाया, तेच नऊवारीचे काठ, डोक्यावर तीच गाठोडी, पण आता त्या घाईत होत्या. एकीने मागे वळून कुणाला तरी हाक मारली आणि हसली. हळू केलेल्या दृश्यात ते हसणं तोंड वेडंवाकडं झाल्यासारखं दिसत होतं. इतके दिवस मला वाटायचं ती घाबरली आहे.

“असं,” मावशी म्हणाल्या. “आता बरोबर. आन आवाज कुठी हाये?”

आवाज खराब आहे म्हटलं. “राहू दे ना खराब,” म्हणाल्या. मी आवाजाचा फेडर वर केला. घरघर, वारा, कॅमेऱ्याजवळच्या कुणाचं तरी खोकणं, आणि त्याच्या पलीकडे डफ. डफावर बायांचा एकसुरी आवाज. मला शब्द लागत नव्हते. मावशींना दुसऱ्यांदा ऐकताच लागले आणि त्या बसल्या जागी ते गाणं म्हणू लागल्या. त्या ओळी मी इथे लिहीत नाही. त्या त्यांच्या तोंडून फिल्ममध्येच याव्यात.

मग त्या सकाळबद्दल बोलू लागल्या, आणि तीन तासांच्या मुलाखतीत जे आलं नव्हतं ते सगळं येऊ लागलं. आम्ही कधी सकाळ विचारलीच नव्हती. सगळे प्रश्न लाठीमार कधी झाला, जाऊ कुठे होती, पोलीस कुठून आले इथूनच सुरू झाले होते. मावशी सांगत होत्या की रात्रीच निघालो. जावेने नवं लुगडं नेसलं होतं, भाकरी आणि चटणी बांधली होती. घाई कशाची, तर कचेरी पाचला बंद होते! तहसीलला जसं असतं तसंच मुंबईच्या साहेबांचंही असेल, उशीर झाला तर साहेब निघून जाईल. पोराला आणायचं कारण काय, तर घरी ठेवायला कुणी नाही. शिवाय, “त्याले रेल्वे दाखवाची होती. पाहिलीच नोहोती त्यानं.”

दाराजवळच्या खुर्चीचा आवाज झाला. पुतण्या उठला होता, पण पाठ अजून स्क्रीनकडेच होती.

“भाऊ, बाहेर बसता का?” मी विचारलं.

“नाई. ते आवाज अजून एक डाव लावता का?”

मी चित्र बंद केलं आणि नुसता आवाज लावला. त्याने तो उभ्यानेच ऐकला. पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाला, “माह्या ध्यानात निस्ता कल्लाच हाये. हे गानं-गिनं काई नोहोतं.”

सात वर्षांच्या मुलाला गर्दीत पायच दिसतात. त्याची आठवण ओरडण्यापासून सुरू होत होती, त्याच्या आधीचं त्याच्याकडे काहीच उरलं नव्हतं. त्या आवाजात त्याची आई असेल की नाही ते कुणीच सांगू शकत नाही, आणि मावशींनीही तसं काही म्हटलं नाही. पण ती माणसं मरायला निघाली नव्हती, कामाला निघाली होती, हक्काचा कागद मागायला निघाली होती, हे त्या अकरा सेकंदांत ऐकू येत होतं. सारंगीखाली आणि कमी वेगात नेमकं तेच झाकलं गेलं होतं. शेवट आम्हाला माहीत होता, आणि तो आम्ही त्यांच्या सकाळवर लादला होता. त्यांना बिचारं करून ठेवलं होतं, तेही दुपारच्या आधीच.

अशा मरणांवरच्या फिल्म पाहताना मला हे आता सतत दिसतं. मुंबईतल्या रमाबाई नगर या दलित वस्तीतल्या १९९७ च्या पोलीस गोळीबारानंतर माहितीपटकार आनंद पटवर्धन चौदा वर्षं चित्रीकरण करत राहिले आणि २०११ मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ आला. त्यात शाहिरांची गाणी आहेत, ती गाणारी जिवंत, भांडणारी माणसं आहेत. म्हणूनच त्यातलं मरण अंगावर येतं. जगणं न दाखवता नुसतं दुःख दाखवलं तर पाहणाऱ्याला कणव येते, राग येत नाही. आणि ११४ माणसं जाण्याचा राग यायला हवा.

जेवणानंतर आम्ही शेवटच्या पाट्या दाखवल्या. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींचा दावा मान्य केला, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. मावशींनी पुतण्याला त्या मोठ्याने वाचायला लावल्या. आता तो स्क्रीनकडे तोंड करून वाचत होता. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “हे राहू द्या. पन हे आखरी नका ठेवू. आमचं गायगोधन घ्या. ढाल अजून निंगते आमच्या गावात.” गायगोधन म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला गुरं सजवून पुजण्याचा गोवारींचा सण, आणि ढाल त्यातच मिरवतात. निकालाने सगळं संपलं असं लोकांना वाटेल, ही मावशींची हरकत होती.

त्या गेल्यावर दिग्दर्शक आणि मी रात्री उशिरापर्यंत बसलो. सत्तावीस सेकंदांचा व्हॉइसओव्हर तिथून काढला. यादीचा सगळा वाद पुढे एका वकिलाच्या मुलाखतीत सरकवला, तिथे तो जास्त नीट कळतो. पन्नास हर्ट्झची घरघर आणि तिच्या पटीतल्या वारंवारिता छाटल्या, पण डफाचा खालचा सूर जाऊ लागला तेव्हा थांबले. थोडी घरघर राहू दिली. आता तिथे अकरा सेकंद आहेत, पूर्ण वेगात, वर एकही शब्द नाही, आणि लगेच मावशी: “कचेरी पाचले बंद होते ना.” हे वाक्य दुसऱ्या दिवशी त्यांच्या गावी जाऊन पुन्हा रेकॉर्ड केलं.

पैसे देणाऱ्यांकडून निरोप आला की फिल्ममधली सर्वांत हृदयस्पर्शी जागा का काढली. दिग्दर्शकाने त्यांना दोन्ही आवृत्त्या पाठवल्या, सोबत मावशींचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत. जुनी आवृत्ती निदान ट्रेलरमध्ये तरी वापरा, असा त्यांचा आग्रह अजून चालू आहे. आम्ही नाही म्हटलंय आणि नाहीच म्हणणार आहोत.

दिवाळीच्या पाडव्याला कॅमेरा घेऊन गावात जायचं ठरलंय. पुतण्याने फोन करून बजावलंय की मुक्कामालाच या. गुरं पहाटेच सजवतात, आणि उशिरा पोचलात तर पुन्हा नुसती दुपारच मिळेल.